मदत हवी आहे: एक्सपीच्या मशीनवर आजच्या वेबसाइट उघडायच्या आहेत

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. डीटीपीचं (संगणकावर पानं जुळवायचं) सगळं काम एकाच मशीनवर चालतं: पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर. त्याचं डोंगल, म्हणजे ते चालू करणारी छोटी किल्ली, मागच्या पॅरलल पोर्टला लागतं, आणि हल्लीच्या मशीनला तो पोर्टच नसतो. गावातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका यात आहेत. त्यामुळे 'नवीन घ्या' सोडून बाकी कुठलाही सल्ला चालेल. मुलीचा विंडोज १० चा लॅपटॉप संध्याकाळी हाताशी असतो.

गिऱ्हाईक आता मजकूर ईमेलने नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. तो याच मशीनवर उतरवता आला तर बरं. अधूनमधून विकिपीडियावर एखादं नाव, तारीख ताडून पाहायची असते. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ काहीच उघडत नाही. क्रोम ४९ बऱ्याच ठिकाणी 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणून अडतो, कुठे घड्याळ चुकलंय म्हणतो. घड्याळ चुकतंच, रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी २००३ साल उगवलेलं असतं. जी पानं उघडतात त्यांतली काही कोरी पांढरी, काहींत मराठीच्या जागी चौकोन. नेटचा दोष नाही, त्याच राउटरवर फोन व्यवस्थित चालतो. कुठून सुरुवात करू?

सोल्डर_गन

मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळेल. वायर काढून बदला, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारं सेटिंग) तारीख लावा, मग पुढचं बोलू. प्रत्येक https साइटच्या प्रमाणपत्रावर (साइट खरी असल्याचा पुरावा) 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २००३ सालात बसलेल्या मशीनला आजचं कुठलंच प्रमाणपत्र अजून सुरू झालेलं दिसत नाही.

अर्धीमात्रा

सेल बदलल्यावरही क्रोम कुरकुर करणारच, कारण तुमच्याकडे तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

पहिलं कुलूपकिल्लीचं. एक्सपीवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजच्याच यंत्रणेतून बोलतो आणि ती टीएलएस (साइटशी गुप्तपणे बोलायची पद्धत) १.० च्या पुढे जात नाही. बहुतेक साइटना आता किमान १.२ लागतं. त्याच्यावर वेळ घालवू नका. क्रोम ४९ ला १.२ येतं, पण कोणत्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा ती यादी तो विंडोजकडून घेतो. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणजे यादी शिळी. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकली होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्या दिवसापासून ढीगभर साइट जुन्या मशीनांना परक्या झाल्या. फायरफॉक्स मात्र स्वतःची यादी घेऊन फिरतो. एक्सपीसाठीची त्याची शेवटची आवृत्ती ५२.९ ईएसआर, २०१८ ची. तिच्यात लेट्स एन्क्रिप्टचं नवं मूळ आहे. लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने न्या. तिला प्रोसेसरमध्ये एसएसई२ (आज्ञांचा एक संच) लागतं, ते पेंटियम ४ मध्ये आहे. (पेंटियम ३ वाल्यांनी इथूनच परत फिरावं.)

दुसरं कोऱ्या पानांचं. जावास्क्रिप्टची भाषा दरम्यान बदलली. २०२० नंतर सर्रास वापरात आलेली एखादी नवी खूण जुन्या ब्राउझरला वाचता आली नाही, तर तो ती अख्खी फाईलच टाकून देतो, आणि पान त्या फाईलवरच उभं असेल तर पांढरा पडदा. यावर इलाज फारसा नाही. फायरफॉक्स ६८ वर बेतलेला मायपाल ब्राउझर एक्सपीवर चालतो, पण ५१२ एमबीत धापा टाकेल. भंगारवाल्याकडून डीडीआर रॅमच्या पट्ट्या मिळाल्या तर घालून बघा. विकिपीडिया जावास्क्रिप्टशिवायही वाचता येतो, तिथे अडणार नाही. जीमेलचं साधं रूप २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा ब्राउझरमधून मेलचा नाद सोडा.

तिसरं चौकोनांचं, ते सगळ्यात सोपं. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करा. एक्सपीची सीडी मागेल. त्याने मंगल फॉन्ट येतो. फायरफॉक्स जोडाक्षरं स्वतः जुळवतो, त्याला नुसता फॉन्ट पुरतो. नोटपॅड बिचारं विंडोजच्या भरवशावर असतं.

विंडोज९८वाली

आमच्याकडे हौसेने पेंटियम २ चालू ठेवलाय, त्याचा उपाय सांगते. डब्ल्यूआरपी नावाचा एक प्रॉक्सी, म्हणजे मधला दलाल प्रोग्राम, आहे. तो लॅपटॉपवर चालवायचा. खरं पान तिथल्या क्रोममध्ये उघडतं आणि जुन्या मशीनकडे त्या पानाचं चित्र येतं, जीआयएफ. चित्रावर क्लिक केलं की तिकडे लिंकवर क्लिक होतं. टीएलएस नाही, जावास्क्रिप्ट नाही, आणि मराठी तर आधीच जुळून आलेली, त्यामुळे फॉन्टचीही गरज नाही. मजकूर कॉपी मात्र करता येत नाही. तुम्हाला तोच हवाय, म्हणून तुमच्या फार उपयोगाचं नाही, पण बघायला मजा येते.

अर्धीमात्रा

अगदी. शिवाय तुम्हाला मजकूर पेजमेकरमध्ये घ्यायचाय. पेजमेकरला युनिकोड (फोन आणि नेटवरच्या मराठीची पद्धत) कळत नाही, नुसती प्रश्नचिन्हं उमटतील.

खिळेजुळारी

उमटतातच! म्हणून आजवर सगळं पुन्हा टाइप करतोय.

काठावरचा

मग हे मशीन इंटरनेटवर आणताच कशाला? दहा वर्षांहून जास्त काळ ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळालेले नाहीत त्यावर गिऱ्हाइकांची मेल उघडणं मला पटत नाही. मेल, व्हॉट्सअ‍ॅप फोनवर घ्या. युनिकोडमधून तुमच्या फॉन्टच्या साच्यात बदलणारा कन्व्हर्टर लॅपटॉपवर चालवा आणि निघालेला मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा. सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय ठेवा, नाहीतर निम्मी अक्षरं बदलतात. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कन्व्हर्टरमध्ये हमखास सरकतात, तेवढं प्रूफ वाचावंच लागेल.

ती फाईल एक्सपीवर न्यायला विंडोजचं शेअरिंग वापरू नका. एक्सपीला फक्त एसएमबी १ (त्या शेअरिंगची जुनी पद्धत) येतं आणि विंडोज १० ने ते बंद करून ठेवलंय, ते तसंच राहू द्या. फाईल फोनमध्ये टाका. बऱ्याच फाईल मॅनेजर अ‍ॅपमध्ये एफटीपी (फायली पाठवायची पद्धत) सर्व्हरची सोय असते. ती चालू केली की एक पत्ता दिसतो. एक्सपीच्या माय कॉम्प्युटरमध्ये वरच्या पट्टीत तोच टाकायचा. फायलींची नावं इंग्रजीत ठेवा, देवनागरी नावांचा तिथे चुथडा होतो. आणि एक्सपीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी हाताने भरून डिफॉल्ट गेटवेची (बाहेर जायच्या दाराची) जागा रिकामी सोडा. घरातला फोन दिसेल, बाहेरचं जग दिसणार नाही.

सोल्डर_गन

+१. गेटवेची युक्ती आमच्या वर्कशॉपमधल्या सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या) मशीनलाही लावलीय.

खिळेजुळारी

सगळ्यांचे आभार. सेल बदलला, घड्याळ जागेवर राहिलं. फायरफॉक्स ५२.९ वर मराठी विकिपीडिया जोडाक्षरांसकट व्यवस्थित दिसला, चौकोन गेले. दोन दिवस खुशीत होतो. पण काठावरचा यांचं पटलं, काल गेटवे रिकामा केला. एफटीपीने पहिली पत्रिका आली. 'श्री' फुटला होता, 'आशीर्वाद'चा रफार पुढच्या अक्षरावर, बाकी मजकूर जसाच्या तसा. टाइप करण्यापेक्षा दुरुस्ती परवडली. विकिपीडिया आता फोनवरच बघतो.

आणखी एक. फाईल उघडताना हल्ली हार्डडिस्क कटकट आवाज करते. जुन्या आयडीई जोडणीची, ४० जीबीची आहे. चिंतेचं आहे का?

सोल्डर_गन

आहे. मशीन बंद करा आणि आता उगाच चालू करू नका. यूएसबीला लागणारा आयडीईचा अडॅप्टर आणा, डिस्क काढून लॅपटॉपला लावा, क्लोनझिला प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत घ्या. एरर येऊन मध्येच थांबलं तर पुन्हापुन्हा चालवत बसू नका, इथे लिहा. अडॅप्टर घेताना मोलेक्स प्लगने वेगळी पॉवर देणारा बघा; साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही.