लेबनॉन सोडावे की तेथेच राहावे?

दूरदेशी (दुबई)

माझ्या कार्यालयात लेबनॉनचे अनेक सहकारी आहेत, आणि २०१९ पासून त्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न फिरून फिरून येतो: बैरुतमध्ये मागे राहिलेल्या भावंडांनी आणि आईवडिलांनी आता देश सोडावा का? माझे मत असे की ज्यांना बाहेर पडणे शक्य आहे त्यांनी पडावे, आणि त्याबद्दल त्यांना कोणीही दोष देऊ नये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९७ च्या सुमारापासून लेबनॉनच्या मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव सुमारे १,५०७ लेबनीज पौंडांवर बांधून ठेवला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारविरोधी आंदोलन पेटले, बँका सुमारे दोन आठवडे बंद राहिल्या, आणि त्या उघडल्या तेव्हा लोकांच्या डॉलरमधील ठेवी केवळ कागदावरच्या आकड्यांपुरत्या उरल्या होत्या. यासाठी संसदेने कोणताही कायदा केला नव्हता. कोणाला किती रक्कम द्यायची हे बँकांनी परस्पर ठरवले. डॉलर मागणाऱ्याच्या हातात बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने पौंड ठेवले जात होते, आणि तेच पौंड रोज घसरत होते. मार्च २०२३ मध्ये खुल्या बाजारात एक डॉलर एक लाख पौंडांच्याही पुढे गेला. दरम्यान मार्च २०२० मध्ये सरकारने १२० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड थांबवली, त्याच वर्षी ४ ऑगस्टला बंदरातील स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि पुढे सरकारी वीज दिवसाला जेमतेम एक-दोन तासांवर आली. आयुष्यभर नोकरी करून साठवलेले स्वतःचेच पैसे ज्याला मिळत नाहीत, त्याच्याकडून देशाने आणखी कशाची अपेक्षा करावी?

ताळेबंद (पुणे)

जाणाऱ्या एकट्यादुकट्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही, परंतु बाहेर पडणे हा सर्वांसाठी योग्य मार्ग म्हणून आपण मांडत असाल तर माझा त्याला ठाम विरोध आहे. बँकेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे या प्रकरणाची हिशेबाची बाजू मला अधिक अस्वस्थ करते.

यादवी युद्ध १९९० मध्ये संपल्यानंतर लेबनॉनने जे अर्थकारण उभे केले, ते परदेशी गेलेल्या लेबनीज माणसांच्या ठेवींवर उभे होते. आखाती देशांत, पश्चिम आफ्रिकेत आणि अमेरिकेत कमावलेले डॉलर चढ्या व्याजाच्या आशेने बैरुतच्या बँकांत येत, बँका ते आणखी चढ्या व्याजाने मध्यवर्ती बँकेकडे ठेवत, आणि मध्यवर्ती बँक त्यातून पौंडाचा भाव सांभाळत असे व सरकारची तूटही भरून काढण्यास मदत करत असे. जुन्या ठेवीदारांचे व्याज नव्या ठेवींतून भागवले जात होते. २०१६ मध्ये तर डॉलर खेचून आणण्यासाठी बँकांना अवाच्या सवा परतावा देण्यात आला. स्थलांतरितांचा पैसा येत राहिला म्हणूनच राज्यकर्त्यांना वीज मंडळ सुधारावे लागले नाही, श्रीमंतांवर कर लावावा लागला नाही आणि खोटा विनिमय दर सोडावा लागला नाही. आपण ज्याला संकटातून सुटण्याचा मार्ग म्हणता, तोच त्या संकटाचा पाया होता.

आजही तेच चालू आहे. २०२२ मध्ये परदेशातून घरी पाठवलेली रक्कम देशाच्या सकल उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. घराघरांत चूल पेटते आहे याचे मला समाधान आहे, परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी एप्रिल २०२२ मध्ये प्राथमिक करार होऊनही त्यातील अटी वर्षानुवर्षे रखडल्या, त्याचे एक कारण हा बाहेरून येणारा पैसाही आहे. ज्या तरुणांनी २०१९ मध्ये रस्ते भरले होते, त्यांच्यापैकी अनेक जण आज पॅरिस, माँट्रियल आणि दुबईत आहेत. मग जाब विचारायला उरले कोण?

वाशिष्ठी (चिपळूण)

ताळेबंद यांचा हिशेब पटतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. मनीऑर्डरवर जगणे काय असते हे आम्हा कोकणवासीयांना सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या पैशाने घरे तगली, मात्र कर्ते हात गावात नसल्याने शेते पडीक राहिली, हेही खरे. तरीही गिरणीत गेलेल्या माणसाने गावाचे नुकसान केले असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही, कारण गावात त्याच्यासाठी काय होते हे सर्वांना ठाऊक होते.

मला या चर्चेत वेगळीच गोष्ट खटकते. दुबईची नोकरी किंवा कॅनडाचा व्हिसा पदवीधराला मिळतो. डॉक्टर आणि परिचारिका मोठ्या संख्येने गेल्या, हे सर्वज्ञात आहे. ज्यांच्याकडे ना पदवी ना ओळख, ते उत्तर लेबनॉनमधील त्रिपोली शहराच्या किनाऱ्यावरून होडीत बसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अशीच एक होडी सीरियातील तार्तूसजवळ बुडाली आणि सुमारे शंभर जीव गेले. त्यांत लेबनीज होते, तसेच सीरियन आणि पॅलेस्टिनी निर्वासितही होते. ‘जावे’ आणि ‘राहावे’ हे दोन्ही सल्ले या माणसांना निरुपयोगी आहेत, आणि लेबनॉनमध्ये अशीच माणसे पुष्कळ आहेत.

दूरदेशी (दुबई)

होडीतल्या माणसांविषयी वाशिष्ठी यांनी लिहिले ते मनापासून मान्य आहे. परंतु ताळेबंद, जाब विचारायला कोणी उरले नाही हे विधान मला स्वीकारता येत नाही. मे २०२२ च्या संसदीय निवडणुकीत परदेशस्थ लेबनीज नागरिकांनी मोठ्या संख्येने मतदान केले, आणि १२८ जणांच्या सभागृहात आंदोलनातून पुढे आलेले सुमारे तेरा नवे सदस्य निवडून आले, त्यांत या मतांचा वाटा मोठा होता. उलट देशात राहणाऱ्यांपैकी कित्येकांना पक्षाच्या नेत्याकडून मिळणारे औषध, जनरेटरचे डिझेल आणि मुलाच्या शाळेची फी यांसाठी त्याच नेत्याला मत द्यावे लागते. बाहेर पगार मिळवणारा माणूस त्या ओझ्यातून मोकळा असतो. आणि समजा कोणी थांबले, तर त्या काळात त्याच्या मुलांचे शिक्षण आणि आईचे औषधपाणी कोणी करायचे?

ताळेबंद (पुणे)

तेरा सदस्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मात्र १२८ मध्ये तेरा हे प्रमाणही लक्षात घ्यावे.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे लेबनॉनच्या बँका बंद होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा दिली. मुंबईतील ठेवीदारांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. परंतु तेथे निर्बंधांना कायद्याचा आधार होता, ठेवविमा होता, न्यायालये होती आणि ठेवीदार महिनोन्‌महिने रस्त्यावर उभे होते. बँक अखेरीस २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली; मोठ्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंत वाट पाहण्याची पाळी आली, ती मला अन्यायाचीच वाटते, पण निदान भांडण्याला जागा होती. लेबनॉनमध्ये ती जागा अजून घडवायची आहे. २०२५ मध्ये नव्या सरकारच्या काळात तेथील संसदेने बँकांच्या गोपनीयतेचा कायदा शिथिल केला, हे चांगले पाऊल आहे. मात्र बँकव्यवस्थेतील सत्तर अब्ज डॉलरच्या घरातील तोटा आधी भागधारकांच्या माथी पडतो की ठेवीदारांच्या, यावर खरा संघर्ष आहे, आणि तो लढायला माणसे बैरुतमध्ये हवीत.

दूरदेशी (दुबई)

तोटा आधी भागधारकांनीच सोसावा, यावर आपले पूर्ण एकमत आहे. परंतु त्या अडकलेल्या ठेवींचा काही भाग परदेशात राबणाऱ्यांचाही आहे, त्यामुळे हे भांडण त्यांचेही आहे आणि ते अबू धाबी, आबिदजान किंवा सिडनीतूनही लढता येते. माझ्या सहकाऱ्याने धाकट्या बहिणीला इकडे आणण्यासाठी अर्ज केला आहे. आईवडील तेथेच राहणार आहेत, कारण त्यांना घर सोडायचे नाही. बहिणीने त्यांच्यासाठी आणि बँकेकडून न्याय मिळेल या आशेवर आणखी काही वर्षे तेथे काढावीत, असे तिला सांगण्याचा अधिकार मला तरी नाही, आणि आपल्यालाही तो नसावा असे मला वाटते.