पार्किन्सनच्या संशोधनासाठी निधी कुणाकडे मागावा?

प्रश्न (दर्यापूर तालुका): सरकी टोबताना चिमटीने बी मोजून टाकणाऱ्या माझ्या वडिलांच्या हाताला पार्किन्सनमुळे आता सदऱ्याची गुंडीही लावता येत नाही. या आजारावरील संशोधनाला अधिक निधी मिळावा म्हणून आम्ही गावोगावचे रुग्ण व नातेवाईक निवेदन देणार आहोत. ते कुणाला द्यावे?

उत्तर १: खासदारांना द्यावे, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा निधी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागामार्फत येतो आणि त्याच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत मंजूर होतात. गुंडीची गोष्ट अवश्य लिहावी.

उत्तर २: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, हेही नमूद करावे. लेव्होडोपा या औषधाने लक्षणे कमी होतात, आजाराची वाढ थांबत नाही. संशोधन हवे ते यासाठीच.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन दिनी, निवेदन देऊ. पहिली सही वडील करतील, अक्षर कितीही बारीक उमटले तरी.