एलईडी दिवा जर्मनीला पाठवायचाय: एकच आरओएचएस रिपोर्ट पुरेल का?

भोसरीकर:
रिचार्जेबल एलईडी दिवा आहे. एबीएस प्लास्टिकची बॉडी, एफआर-४चा (काचतंतू-इपॉक्सीचा) पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, पीव्हीसी वायर, पितळी टर्मिनल, पिवळं झिंक प्लेटिंग असलेले स्क्रू. जर्मन खरेदीदाराने आरओएचएसची (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा नियम) कागदपत्रं मागितली आहेत. आमच्याकडे अख्खा दिवा दळून केलेला लॅब रिपोर्ट आहे. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम-६, पीबीबी, पीबीडीई (आग रोखणारी ब्रोमीनयुक्त रसायनं) सगळं मर्यादेत. तो चालेल का? दुसरं, वेव्ह मशीनच्या (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेऊन जोड करणारं यंत्र) २०० किलोच्या बाथमध्ये ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर आहे. तो उपसून लेड-फ्री (बिनशिशाचं) भरलं की झालं का?

टेस्टबेंच:
रिपोर्ट चालणार नाही. युरोपच्या यादीत आता दहा पदार्थ आहेत. मूळच्या सहांत २०१५/८६३ या निर्देशाने डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी हे चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) आले आणि २२ जुलै २०१९ पासून ते तुमच्या दिव्यासारख्या मालाला लागू आहेत. भारताच्या २०२२च्या ई-कचरा नियमांत जुनेच सहा आहेत, म्हणून इथल्या रिपोर्टमध्ये थॅलेट सहसा दिसत नाहीत.

त्याहून मोठी चूक दळण्याची. मर्यादा एकजिनसी पदार्थाला, म्हणजे यंत्राने आणखी वेगळा करता न येणाऱ्या प्रत्येक पदार्थाला, असते: ०.१ टक्के, कॅडमियमला ०.०१ टक्के. २०० ग्रॅमच्या दिव्यात १ ग्रॅम वायरचं इन्सुलेशन आहे आणि त्यात १ टक्का शिसं आहे असं धरा. दळल्यावर रिपोर्टमध्ये ५० पीपीएम (०.००५ टक्के) येईल, पण ते इन्सुलेशन मर्यादेच्या दहापट वर आहे. भारतीय नियमही एकजिनसी पदार्थच धरतात, त्यामुळे हा रिपोर्ट इथेही टिकणार नाही.

वेव्हलाईन:
बाथबद्दल. नुसतं उपसून भरू नका. तळाला आणि पंपात ३ किलो जुनं सोल्डर राहिलं तर त्यात १.१ किलो शिसं असतं. २०० किलोत ते ०.५५ टक्के होतं, म्हणजे प्रत्येक जोड नापास. उपसल्यावर शुद्ध कथील भरून, पंप चालवून, ते पुन्हा पूर्ण काढा. तितकंच ३ किलो मागे राहिलं तरी पुढच्या भरणीत शिसं ०.०१ टक्क्याच्या खाली जातं. मग बाथचा नमुना तपासून घ्या आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहा, कारण जुन्या स्टॉकमधल्या कथील-शिसं मुलामा असलेल्या लीड्स (सुट्या भागांचे तारेचे पाय) बाथ पुन्हा बिघडवतात.

त्याआधी पॉट (सोल्डरचं भांडं) कशाचा आहे ते बघा. लेड-फ्रीमध्ये कथील जास्त आणि तापमानही जास्त, त्यामुळे साधं स्टेनलेस हळूहळू खाल्लं जातं, विशेषतः इम्पेलर आणि नोझल. टायटॅनियम किंवा कोटिंग केलेलं बिडाचं पॉट लागतं. ६३/३७ १८३ अंशांना वितळतं, कथील-०.७ तांबं २२७ला. बाथ २६० अंशांच्या आसपास ठेवावा लागेल, तेव्हा कनेक्टरचं प्लास्टिक ते सोसतं का हे डेटाशीटमध्ये पाहा. पीसीबीवाल्याला ‘एचएएसएल’ (बोर्डावरचा सोल्डरचा मुलामा) एवढंच लिहून पाठवू नका, ‘लेड-फ्री एचएएसएल’ लिहा. रिवर्कच्या (दुरुस्तीच्या) टेबलावरची सोल्डर वायर आणि सोल्डरिंग आयर्नच्या बिट्सही वेगळ्या ठेवा. इथे हटकून दुर्लक्ष होतं.

भोसरीकर:
प्रत्येक भागाची टेस्ट परवडणार नाही. कुठून सुरुवात करू?

टेस्टबेंच:
सगळ्याची गरज नाही. ईएन आयईसी ६३०००:२०१८ हे आरओएचएसच्या कागदपत्रांचं मानक जोखमीनुसार पुरावा मागतं. पैसे या क्रमाने घाला.

मऊ पीव्हीसी सर्वात आधी: वायर, स्लीव्ह, ग्रोमेट. एक्सआरएफ बंदूक (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) थॅलेट ओळखतच नाही, जीसी-एमएस ही लॅब टेस्ट लागते. ऑर्डरमध्येच (शिशाऐवजी) कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर आणि (त्या चार थॅलेटऐवजी) डीओटीपी प्लास्टिसायझर लिहून द्या. थॅलेट चिकटून ठेवलेल्या दुसऱ्या मऊ प्लास्टिकमध्येही उतरतात, म्हणून जुन्या वायरच्या गुंडाळ्यांसोबत नवा माल ठेवू नका.

काळं एबीएस रीसायकल असेल तर ब्रोमीन बघा. ते जास्त आलं तरच पीबीडीईची टेस्ट. एफआर-४मध्ये मात्र ब्रोमीन भरपूर येणारच. ते बहुधा टीबीबीपीए या वेगळ्या आगरोधकाचं असतं आणि त्यावर आरओएचएसची बंदी नाही.

स्क्रूंमध्ये एक्सआरएफ फक्त एकूण क्रोमियम सांगतं, क्रोमियम-६ वेगळं दाखवत नाही. पिवळा रंग संशयास्पद आहे, पण पुरावा नाही, कारण तीन-संयुजी (क्रोमियम-६ नसलेलं) पॅसिव्हेशन म्हणजे झिंकवरचा संरक्षक थरही रंगवून पिवळं करतात. आयईसी ६२३२१-७-१ प्रमाणे टेस्ट करा, नाहीतर सरळ तीन-संयुजी निळसर झिंक मागवा.

पितळात शिसं दिसलं म्हणून घाबरू नका. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत ६(सी) ही सवलत आहे. चिप रेझिस्टरमधल्या काचेतल्या शिशाला ७(सी)-१. सवलतींना मुदत असते, माल निघण्याआधी चालू यादी पाहून क्रमांक फाइलमध्ये लिहा.

कागदोपत्री:
फाइलमध्ये बीओएम (सुट्या भागांची यादी), प्रत्येक पदार्थासमोर पुरवठादाराचं सहीचं घोषणापत्र किंवा रिपोर्ट, आणि तुमची अनुरूपता घोषणा. घोषणेत २०११/६५/ईयू हा आरओएचएसचा निर्देश लिहा. फाइल शेवटचा नग बाजारात गेल्यापासून १० वर्षं ठेवायची. आरओएचएसचं वेगळं चिन्ह लागत नाही, सीई खुणेतच ते येतं. दिव्यातली बॅटरी यात धरू नका, तिला २०२३/१५४२ हा स्वतंत्र कायदा आहे. पुरवठादाराच्या घोषणापत्रावर पार्ट नंबर नसेल तर ते परत पाठवा.