व्हिममध्ये सोर्स आणि हेडर फाइलींची अदलाबदल: मदत हवी आहे

इंदूरमधील आमच्या कार्यालयात सी-प्लस-प्लस या प्रोग्रामिंग भाषेतील एक जुना प्रकल्प मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये सांभाळतो. सोर्स फाइली (मुख्य कोड) ‘एसआरसी’ फोल्डरात, तर त्यांच्या जोडीच्या हेडर फाइली (घोषणा) ‘इन्क्लूड’मध्ये आहेत, आतील उपफोल्डरांची रचना दोन्हीकडे सारखी असली, तरी खोली कुठे दोन, कुठे चार पातळ्यांची आहे. त्यामुळे या दोन्हींत अदलाबदल करणाऱ्या ‘ए.व्हिम’ प्लगइनची ‘:ए’ ही आज्ञा दिल्यावर जोडीची फाइल न सापडता नवी, रिकामी फाइल उघडते आणि ती चुकून जतन झाली की गोंधळ वाढतो. प्रत्येक उपफोल्डराचा मार्ग वेगळा जोडून पाहिला, पण ती यादी आवरेना. यंत्रावर इंटरनेट नसल्याने क्लँगडी (कोड समजून घेऊन एडिटरला मदत करणारे साधन) बसवता येत नाही, आणि फोल्डर हलवण्याचीही परवानगी नाही. प्लगइनच्या शोधमार्गात (जोडीची फाइल कुठे शोधायची, ती यादी) ‘रेग’ उपसर्गाने मार्गातील शब्द बदलता येतो, हे ठाऊक आहे. मात्र सोर्सकडून हेडरकडे आणि हेडरकडून सोर्सकडे, असे दोन्ही नियम एकत्र कसे लिहावेत?