सीईटी लॉमध्ये प्रश्न कोरा सोडू नका

क्लॅटचे (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे) सरावपेपर सोडवले की सीईटी लॉची (महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेची) तयारी आपोआप होते, असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. क्लॅटमधल्या उताऱ्यांमुळे वाचनाचा वेग वाढतो, हे खरं. पण क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे शंका आली की प्रश्न सोडायची सवय लागते. सीईटी लॉला निगेटिव्ह मार्किंगच नाही!

माझ्या धाकट्या बहिणीने पहिल्या सरावात 17 प्रश्न कोरे ठेवले होते. मग शेवटची पाच मिनिटं फक्त राहिलेल्या प्रश्नांसाठी राखायची, असं घड्याळ लावून आठवडाभर घोटवून घेतलं. आणि सीईटी लॉचा पेपर मराठीतूनही असतो, तेव्हा विधी विषयातले ‘अपकृत्य’ (टॉर्ट), ‘प्रतिफल’ (कन्सिडरेशन) असे शब्द मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत पाठ हवेत.