मदत हवी आहे: पार्किंगमध्ये चेन ओढली, भरपाईची जबाबदारी कुणाची? (सांगली)

नमस्कार मंडळी,

शामरावनगरात आमचं छोटं अपार्टमेंट आहे. सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असोसिएशन आहे आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. निम्मे मालक पुण्याला, त्यांचे फ्लॅट भाड्याने. भाडेकरूंत मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स बऱ्याच, त्यामुळे रात्री-अपरात्री ये-जा असतेच.

आधी गाड्यांमधलं पेट्रोल जायचं, मग एक अख्खी गाडी गेली. परवा तर रात्रपाळीहून आलेल्या एका ताईंची चेन जिन्याच्या तोंडाशी ओढली. मानेला खरचटण्यावर निभावलं. एफआयआर झालीये. त्यांच्या यजमानांनी मला सरळ विचारलं, "मेन्टेनन्स घेता ना, मग भरपाई कोण देणार?"

२०१९ च्या पुरात मीटर भिजले, म्हणून मीटरबोर्ड जिन्याच्या लँडिंगवर नेला. पार्किंगच्या दिव्याचं बटणही तिथंच गेलं. म्हणजे गाडी अंधारात लावायची आणि चाचपडत वर जाऊन दिवा लावायचा! मागे मेंदीचं कुंपण पुरुषभर वाढलंय, त्यापलीकडे रिकामा प्लॉट. कॅमेरा आहे, पण गेटच्या ट्यूबकडे तोंड करून. फुटेजमध्ये नुसता उजेड.

मीटिंगमध्ये काहींना वॉचमन हवाय, पण पगार परवडत नाही. कोषाध्यक्ष काकांचं वेगळंच. ते म्हणतात, "इतिवृत्तात अंधाराचा उल्लेखच नको. उद्या केस झाली तर आपल्याच सहीचा पुरावा." हे खरं आहे का? आणि थोडक्या पैशात आधी काय करावं?

नकाशेवाला: वॉचमनआधी दिवा. सेन्सर लावा, बटणाची भानगडच नको. एकच झगझगीत हॅलोजन नको, त्याने कोपऱ्यातली सावली आणखी गडद होते. दोन-तीन साधे दिवे लावा. मेंदी तीन फुटांखाली छाटा, झाडांच्या फांद्या सहा-सात फुटांच्या वर ठेवा, म्हणजे मधून आरपार दिसतं. जागेची रचना बदलून गुन्हे रोखण्याचं हे शास्त्र अमेरिकेत १९७० च्या सुमारास रुजलं. कॅमेरा जिन्याकडे वळवा, त्याला खर्च शून्य.

कोर्टाची_पायरी: काकांना नमस्कार सांगा, पण सल्ला ऐकू नका. गाडी गेली, एफआयआर झाली, म्हणजे तुम्हाला धोका माहीत होता हे लपणार नाहीच. निष्काळजीपणाच्या दाव्यात प्रश्न असा असतो की धोका दिसत असताना हातात होतं ते केलंत का. ठराव करून दिवे लावलेत तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

वॉशिंग्टनमध्ये १९७० साली एक निकाल लागला. इमारतीत चोऱ्या वाढल्याचं मालकाला ठाऊक होतं, तरी दारावरचा माणूस कमी केला. पुढे एका भाडेकरू बाईंवर सामायिक पॅसेजमध्ये हल्ला झाला आणि कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं. तो निकाल इथं बंधनकारक नाही. आपल्याकडे मेन्टेनन्स घेता म्हणून प्रत्येक चोरीची भरपाई आपोआप बसत नाही. हयगय आणि त्यामुळेच नुकसान, दोन्ही सिद्ध करावं लागतं.

फ्लॅटमालकांनाही जागं करा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाचीच जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. एजन्सीचा गार्ड घेतलात तर खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्याखालचा तिचा परवाना आधी बघा.

धागाकर्ता: दोघांचे आभार. सेन्सरसाठी इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. पण पुण्याचे मालक म्हणतात, "आम्ही राहत नाही, दिव्याचे पैसे का द्यायचे?"

कोर्टाची_पायरी: राहोत न राहोत, सामायिक खर्चाचा वाटा द्यावाच लागतो. थकला तर त्याचा बोजा त्यांच्याच फ्लॅटवर चढतो, असं त्याच १९७० च्या कायद्यात आहे. पत्रात एवढं एक वाक्य घालून बघा.