हॅलोविन स्लो आहे म्हणूनच भारी आहे
हॅलोविन हा हॉरर पिक्चर आज बघताना स्लो वाटतो असं म्हणतात, पण मला तर तो स्लोपणाच सगळ्यात जास्त आवडला. १९७८ चा पिक्चर, बजेट तीन-सव्वातीन लाख डॉलर, रक्त जवळपास नाहीच, तरी भरदिवसा कुंपणाच्या झाडीपाशी मुखवटा घातलेला खुनी मायकल नुसता उभा दिसतो ना तिथे आजही टरकते. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर त्याला फ्रेमच्या कडेला ठेवतो आणि आपण सगळा पडदा शोधत बसतो. पियानोची धूनही कार्पेंटरनेच केलीय, पाच मात्रांची, त्यामुळे कान कुठे स्थिरावतच नाहीत. खटकलं एवढंच की नायिका लॉरीच्या मैत्रिणींना लिहिताना फार कमी जीव ओतलाय, लिंडा तर मरायलाच आणल्यासारखी वाटते. पण लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसचा हा पहिलाच सिनेमा, तिचा कपाटातला सीन परत बघाच.